फळीच्या अलीकडे

९ नोव्हेंबर

पुन्हा! या वेळी माजघराच्या दारात. चहाचा कप घेऊन ओटीवर येत होतो, पाय थेट त्यात. कप वाचला, लेंगा गेला. आणि ओटीवर शेजारच्या नेत्रावहिनी बसलेल्या—फराळाचा डबा परत द्यायला आलेल्या. पदर नाकाशी नेऊन म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्याकडे हल्ली जरा... वास येतो, नै?"

येतो. गेल्या वर्षी याच बाईंवर मी साप्ताहिकातलं माझं सदर लिहिलं होतं. फिनेलनं पायऱ्या धुण्याचं त्यांचं वेड! 'यांच्या घरी जंतूसुद्धा चपला बाहेर काढून येतात'—असं काहीतरी. अख्खं चौल गाव हसलं होतं. त्या सोडून.

कान गरम झाले. म्हटलं, "पिल्लू आहे हो. शिकतंय."

"शिकवतंय कोण? तुम्ही?"—आणि हसल्या. त्यांचा हक्कच होता.

त्या गेल्यावर पिल्लाला मानगुटीला धरून आणलं, नाक त्या ओल्यात घासलं. आमच्याकडे असंच शिकवतात. अण्णा खाटेवरून म्हणाले, "हळू रे. लहान हाय तो."

१० नोव्हेंबर

वास्तविक हे कुत्रं घरात असायलाच नको होतं. वानरं शहाळी खाली पाडतात, सुपारीचे घड ओरबाडतात, म्हणून रिक्षावाल्या निकेशच्या कुत्रीचं पिल्लू आणलं. घरामागच्या माडांच्या वाडीत बांधायचं ठरलं होतं. पण आमचे वडील! वय पंच्याऐंशीच्या घरात. आयुष्यभर कुत्र्याला उंबरठ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. मी लहानपणी एकदा एक उचलून आणलं होतं तर मला त्याच्यासकट अंगणात काढलं होतं. तेच अण्णा दिवाळीच्या सुमारास म्हणाले, "असू दे आत. थंडी पडलीय. माझ्या खाटेखाली निजंल."

वर नावही ठेवलं. सोललेल्या रोठा सुपारीसारखा रंग, म्हणून रोठ्या.

मृणालला म्हटलं, "सासरे तुमचे उतारवयात सुधारक झाले." बायको हसली नाही. ती सकाळी रेवदंड्याला शाळेत जाते ती संध्याकाळी येते. दिवसभर वास घेणारा मी.

१२ नोव्हेंबर

फोनवर एका गोऱ्या बाईचा व्हिडिओ बघितला. म्हणे पिल्लाचं जग लहान करा. मोकळं घर दिलं की ते कुठेही करतं.

केलं लहान. पडवीतली जुनी माडाची फळी काढली, माजघराच्या दारात आडवी ठोकली. गुडघ्याएवढी उंच. मी ओलांडतो, मृणाल साडी उचलून ओलांडते, रोठ्या पलीकडून बघत बसतो. पुढच्या अंगणात सुपारी वाळत घातलीय, वर जाळी बांधलीय. ती देवाला जाते, पूजेला जाते—तिच्या जवळपास कुणी पाणी करायचं नाही, कुत्र्यानं तर नाहीच. त्यामुळे हंगाम संपेपर्यंत सगळ्यांनी मागीलदारानं वाडीत जायचं. माणसांनीही. अण्णा तर अजून सकाळ-संध्याकाळ वाडीतच जातात. घरात संडास बांधून दिला, पण त्याची भिंत देवघराला लागून आहे. म्हणून त्यात गेले नाहीत ते नाहीतच.

अण्णांची खाट ओटीवर, रोठ्या ओटीवर. म्हटलं, "दोन कैदी, एक कोठडी!" आणि स्वतःच हसलो.

अण्णा फळीकडे बघत राहिले. "ही कायम ऱ्हाणार?"

"तो शिकेपर्यंत."

"बरं," म्हणाले.

१५ नोव्हेंबर

फळीच्या बरोब्बर अलीकडे! एक वीतसुद्धा इकडेतिकडे नाही. याला हट्ट म्हणतात. नाक घासलं. वर पेपरची गुंडाळी करून दोन रट्टे. आमचंच साप्ताहिक होतं—आतल्या पानावर मी. माझं लेखन एवढं परिणामकारक आजवर झालं नव्हतं.

१८ नोव्हेंबर

अलिबागला सुई टोचायला नेलं. डॉक्टर तरुण. म्हणाला, "काका, मारताय वाटतं? तुम्ही हात वर केलात की अंग चोरतो." दवाखान्यात चार माणसं होती, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पिशवीत तोंड घालावंसं वाटलं.

"मारून ते एवढंच शिकतं की तुमच्यासमोर करायचं नाही. वेळा सांभाळा. झोपेतून उठलं की न्या, खाल्लं की न्या, खेळलं की न्या. त्याला लागायच्या आधी तुम्ही उठा."

त्याला लागायच्या आधी मी उठू! स्वेच्छानिवृत्ती घेतली ती याचसाठी.

२० नोव्हेंबर

उठतोय. पहाटे नेतो, जेवणानंतर नेतो, दुपारची झोप झाली की नेतो. मागीलदारातून खाली उतरला की पहिल्या माडाशी जातो, करतो, शेपटी हलवतो. चोख! एखाद्या शासकीय अधिकाऱ्यानं इतक्या वेळेवर काम केलं तर त्याची बदली होईल.

आणि तरी दुपारी फळीशी ओलं. म्हणजे बाहेर शहाणा, घरात मुद्दाम! हा खुनशीपणा झाला.

पुन्हा पेपर. डॉक्टर काय, त्याला इथे राहायचं नाही. त्या पिल्लानं मला येताना बघितलं आणि आधीच पाठ टेकून पोट वर केलं. तेवढ्यानं माझा हात थांबायला हवा होता. थांबला नाही. लिहून ठेवतोय, कारण आज रात्री जेवण नीट गेलं नाही.

अण्णांनी त्याला आपल्या ताटातली अर्धी भाकरी दिली. "शिक्षा झाली की बक्षीस! असा शिकेल?" मी म्हटलं.

२१ नोव्हेंबर

सदर गेलं. विषय—रोठ्या. नाव दिलं 'निर्लज्ज'. हसत हसत लिहिलं. शेवट तर फारच जमला:

'ज्याला स्वतःच्या पाण्याची वेळ कळत नाही त्यानं चारचौघांच्या घरात राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मग तो चार पायांचा असो की दोन.'

दोन पायांचा म्हणजे आमचा पंचायत सदस्य सदा. शाळेच्या कंपाउंडला उभा राहतो. त्याला कळेल.

२३ नोव्हेंबर, रविवार

सदाला कळलं नाही. तोच सगळ्यात जोरात हसला.

रविवारी सकाळी ओटीवर पेपर वाचायची आमच्याकडे जुनी पद्धत. अण्णांना अक्षर दिसेनासं झाल्यापासून निकेश मोठ्यानं वाचतो, रिक्षाचा हॉर्न असावा तसा. सदा होता, नेत्रावहिनींचा मुलगा विनेश होता. हसून हसून लोटपोट. निकेश म्हणाला, "गणराजभाऊ, आमच्या कुत्रीच्या घराण्यावर असला डाग! तिच्या सात पिढ्यांत कुणी घरात केलं न्हाय."

"केलं न्हाय कारण घरात घेतलं न्हाय," सदा म्हणाला.

अण्णाही हसले. जरा उशिरा, पण हसले. मग निकेशला म्हणाले, "तो शेवट परत वाच."

त्यानं परत वाचला. चार पायांचा असो की दोन.

"चांगला लिवलाय," अण्णा म्हणाले. मला उगीच भरून आलं. आयुष्यात त्यांनी माझ्या लेखनाला चांगलं म्हटल्याचं आठवत नाही.

२५ नोव्हेंबर

अण्णा हल्ली चहा नको म्हणतात. पाणीसुद्धा दोन घोट. "कपात चालू केली काय?" विचारलं. हसले.

२७ नोव्हेंबर

झालं, निकाल लावला. मृणालचा चुलतभाऊ रितेश मुरुडला लॉजिंग चालवतो, त्याला राखणीला कुत्रं हवंच आहे. फोन केला. "दाजी, द्या पाठवून. हितं वाळूच वाळू, कुठं पण करू दे!" रविवारी येतो म्हणाला.

जेवताना सांगितलं. अण्णांचा हात ताटातच थांबला.

"आठ दिस थांब."

"कशाला? त्याच्यात काही फरक नाही."

"शिकंल."

"अण्णा, तुम्हाला कुत्र्यांचा एवढा पुळका कधीपासून?"

"तुला शिकवता येत न्हाय म्हणून देतोस का रं दुसऱ्याला?" आवाज चढला. किती वर्षांनी चढला!

मी म्हटलं—आणि लेखकाला आपलंच वाक्य आवडतं, म्हणून परत म्हटलं—"निर्लज्जाला शिकवता येत नाही, अण्णा."

हात धुतला. भात तसाच. काठी घेऊन मागून वळसा घालून अंगणात गेले आणि उन्हात बसून सुपारी परतत राहिले. परतायची गरज नव्हती. सकाळीच मी परतली होती.

मृणाल संध्याकाळी म्हणाली, "एवढं काय कुत्र्याचं? ठेवा की." मी म्हटलं, तुझ्या सासऱ्यांचा हट्ट आहे, बाकी काही नाही.

२९ नोव्हेंबर

कसं लिहू.

दुपारी अंगणात होतो. जाळीची एक बाजू सुटली होती, ती बांधायला सुपारीच्या ढिगामागे उकिडवा बसलो होतो. तिथून ओटीचे गज दिसतात. आतल्या माणसाला मी दिसत नाही.

अण्णा झोपेतून उठले. घाईनं. काठी घ्यायलाही थांबले नाहीत. भिंत धरत माजघराच्या दाराशी आले. फळी. एक हात चौकटीला, पाय उचलला—नाही गेला. खाली टेकवला. दुसरा उचलला. तोही नाही. मग तसेच उभे राहिले, चौकटीला कपाळ लावून.

मला वाटलं चक्कर आली. उठणार होतो. मग लुंगीखालून पाणी आलं.

ते वाहून फळीपाशी साठलं. बरोब्बर अलीकडे.

अण्णांनी खांद्यावरच्या पंच्यानं आधी पाय पुसले. लुंगी बदलली, ओली खाटेखाली सारली. रोठ्या तिथेच झोपला होता. त्याला दोन्ही हातांनी उचललं, छातीशी धरून आणलं. वाकले—किती वेळ लागला वाकायला—आणि त्या ओल्यात हळूच उभं केलं. डोक्यावरून हात फिरवला. काहीतरी म्हणाले त्याला, मला ऐकू आलं नाही.

मग मोठ्यानं: "गणा! अरे गणा! ह्यानं परत केलान बघ!"

मी मागीलदारानं आत गेलो. स्वयंपाकघर, माजघर. फळीपलीकडे अण्णा, त्यांच्या पायाशी रोठ्या. मला बघून रोठ्यानं पाठ टेकली, पोट वर, डोळे मिटलेले. ओल्यातच.

आणि मी काय केलं? पेपर उचलला! गुंडाळला! कारण उचलला नाही तर अण्णांना कळेल की मला कळलं. त्याच्या शेजारी फरशीवर आपटला. जोरात. त्याला लागला नाही, तरी तो किंचाळला.

"हळू रे," अण्णा म्हणाले. माझ्याकडे न बघता.

रोज हेच म्हणत होते. रोज. आणि मी रोज त्याचं नाक—

नाही लिहवत.

त्याच दिवशी, संध्याकाळी

सुपारी पसरली तेव्हापासून ओटी ओली होऊ लागली. पुढचा रस्ता बंद झाला, मागचा लांब पडला. मग मी फळी ठोकली. कैदी म्हणालो. चहा नको, पाणी नको—त्यावर विनोद केला. आणि तो शेवट! दोनदा वाचून घेतला त्यांनी. मला वाटलं, आवडला.

कुत्र्याला घरात घेतलं तेव्हा मी त्यांना सुधारक म्हटलं. ते फक्त आपल्या लाजेला एक धनी शोधत होते. आणि तो धनी मी उद्या मुरुडला पाठवतोय.

मृणालला अजून सांगितलेलं नाही. सांगायला तोंड उघडलं, तर आपोआप काहीतरी खुसखुशीत बाहेर पडेल याची भीती वाटली. मला दुसरं बोलता येतं का?

३० नोव्हेंबर, रविवार

रितेश खोका घेऊन आला, आत गोणपाट अंथरलेलं. अण्णा सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडलेले.

म्हटलं, "राहू दे. देत नाही."

"आता? दाजी, मुरुडवरनं आलोय मी! पेट्रोल घालून!"

"सदराला लागतोय. विषय संपला नाही अजून."

"तुम्ही लेखक लोक ना..." डोक्याजवळ बोट फिरवलं त्यानं. मृणालही माझ्याकडे बघत राहिली. चहा-पोहे खाऊन, खोक्यात दोन शहाळी घालून तो गेला. खोटं बोलताना इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

खाटेवर हालचाल नाही. पण रोठ्या तिथे गेला तेव्हा एक हात खाली आला.

दुपारी फळी काढली. खिळे उपसताना आवाज फार झाला. मृणालनं विचारलं, "का?" मी ओरडूनच म्हटलं, "पायाला लागते माझ्या!"

३ डिसेंबर

फळी गेल्यापासून ओटी बरीच कोरडी. एकदाच झालं. अण्णांनी रोठ्याला आणून उभं केलं, हाक मारली. मी गेलो, म्हटलं, "गाढवा!" आणि पुसलं. पेपर आता घरातच ठेवत नाही. रोठ्या मात्र अजून पाठ टेकतो. हात पुढे केला की डोळे मिटतो. रोज जवळ बसतो मी त्याच्या, बिस्किट ठेवतो. माझ्या हातातून घेत नाही, जमिनीवर ठेवलं की घेतो.

अण्णांच्या गादीखाली मेणकापड घातलं. घालताना मोठ्यानं म्हटलं, "कुत्रं खाटेवर चढतं हल्ली, गादी खराब व्हायची."

अण्णा म्हणाले, "व्हय. चढतो."

रोठ्या आजवर एकदाही खाटेवर चढलेला नाही. त्याची तेवढी उंचीच नाही.

५ डिसेंबर

सदर पाठवलं. 'नापास'. आमचं कुत्रं कधीच शिकणार नाही, डॉक्टरांनी हात टेकले, व्हिडिओतल्या बाईनं हात टेकले, ओटीवर ओलं दिसलं तर आल्यागेल्यानं ते रोठ्याचंच समजावं आणि दोष त्याच्या मास्तराला द्यावा. वगैरे. वाटलं, गावात कुणी विचारलंच तर उत्तर छापील असलेलं बरं.

मृणालनं वाचून भुवया उंचावल्या. "पण तो तर सगळं बाहेर करतो आता. मी स्वतः बघते."

"विनोद आहे."

"कुणावर?" म्हणाली.

मग रात्री सांगितलं. सगळं. ती एवढंच म्हणाली, "ओली लुंगी मला दोनदा सापडली होती खाटेखाली. मला वाटलं, कुत्र्यानं ओढून नेली."

७ डिसेंबर, रविवार

निकेशनं वाचलं. "माझ्या कुत्रीला तोंड दाखवायला जागा ठेवली नाय तुम्ही!" सदा हसला, विनेश हसला. नेत्रावहिनींनी कुंपणापलीकडून फिनेलची बाटली हलवून दाखवली.

अण्णा हसले नाहीत. शेवटही परत वाचायला सांगितला नाही. रोठ्याला मांडीवर घेऊन त्याचे कान कुरवाळत बसले होते.

मी चहा पुढे केला. पूर्ण कप घेतला, बशीत ओतून.

८ डिसेंबर

पहाटे रोठ्याला न्यायला ओटीवर आलो तर अण्णा आधीच उठून बसलेले. ओटी कोरडी.

"त्याला कशाला बदनाम करतोस पेपरात?" म्हणाले. "तो कवाच शिकलाय."

मला काही सुचलं नाही. मला!

"फळी काढलीस तवाच समजलं मला." काठी हातात फिरवली. "तू त्याला नेतोस ना वाडीत. उठला की, जेवला की, टायमाला."

"हो."

"तवा मला पन हाक मारत जा."

तिघं गेलो. हे लिहून होईपर्यंत दोघांची न्याहारी झालीय. उठतो, हाक मारायला हवी.